शेरा

कसबा बावड्याच्या रस्त्याला, कोर्टाच्या कुंपणाबाहेर
माझी छत्री. खाली टेबल, तीन पायांवर उभं,
चौथ्याखाली जुन्या फौजदारी कायद्याचं पुस्तक.
कायदा बदलला, पुस्तकाची जाडी तीच राहिली,
म्हणून अजून उपयोगी पडतं.

टायपिंग समोरच्या दुकानात मिळतं. माझ्याकडे हात.
"अर्ज लिहिणारे आबा तुमीच काय?"
मी हो म्हणतो.
त्याआधी एकतीस वर्षं, ठाण्यात बसून,
काय लिहीत होतो ते कोणी विचारत नाही.

सकाळी पेठेतला पोरगा आला.
मॅच संपली, दगड पडले, यादीत ह्याचंही नाव.
दगड कुणी मारला हे केस सुटली तरी कळलं नाही.
भरतीत सोळाशे मीटर पाच मिनिटं आठ सेकंदांत,
छाती भरली, उंची भरली,
कागदात एक ओळ जास्त निघाली.

मग गंगाक्का. हातभट्टीच्या धाडीत
नवरा मागच्या दारानं गेला, ही पुढं सापडली.
आता अंगणवाडीत मदतनीस व्हायचंय.
"खिचडीला चारित्र्य लागतं व्हय," म्हणाली,
"मला आपलं मीठ लागतं एवढंच ठावं."

दुपारी दस्तगीर नायकवडी.
उद्यमनगरात लेथवर, बोटं नऊ.
शहाण्णव साली जेवणाच्या डब्यात
चार किलो पितळी चुरा, वर दोन भाकरी.
गेटवर कुणीतरी भाकरी उचलली.
वय एकोणीस. न्यायाधीशांनी बाँडवर सोडलं,
वर्तणूक नीट ठेव म्हणाले.
त्यानं ठेवली. अठ्ठावीस वर्षं.
आता डोळ्यांना सूतभर फरक दिसत नाही,
शाळेच्या गेटवर राखणदार म्हणून घेणार होते.
दाखल्यावर शेरा आला: गुन्हा नोंद आहे.

त्यानं रजिस्टरची नक्कल पुढं ठेवली.
लॅमिनेशन करून आणलेली.
आयुष्यात मिळालेला एकच सरकारी कागद,
भिजू नये म्हणून.

'र'ची शेपटी लांब, पुढच्या अक्षराच्या पोटात शिरणारी.
'चोरी' शब्दाखाली रेघ. तिच्याखाली आणखी एक.
एक ओढायची पद्धत होती.
दुसरी ओढायला
मला कोणीही सांगितलं नव्हतं.

चष्मा पुसला. परत पुसला.
"ऊन लई हाय आबा," दस्तगीर म्हणाला
आणि छत्री माझ्याकडे कलती केली.

मी लिहायला घेतलं.
परिविक्षेवर सुटलेल्या माणसाला कलम बाराप्रमाणे
अपात्रता चिकटत नाही, सबब,
सबब...
हा शब्द मी किती हजार वेळा लिहिला असेल.
माणूस आत घालताना हाच,
बाहेर काढतानाही हाच.

"आबा, ही ओळ पुसंल का खोडंल?"
पुसत नाहीत, म्हणालो. झालंच तर
शेजारी दुसरी ओळ येईल, साहेबांच्या सहीची.
पहिली खाली दिसत राहणार.

तो जरा गप्प बसला.
मग म्हणाला, "जादा कापलेलं लोखंड
परत भरत न्हाई. पर जॉब टाकत न्हाई आमी.
त्यातनंच बारका बुश काढतो.
कुठल्या ना कुठल्या मशीनला बसतोच त्यो."

सही केली त्यानं, नऊ बोटांनी सावकाश.
अर्ज वाचून बघितला, लांब धरून.
"अक्षर लई देखणं हाय तुमचं."

पन्नास रुपये दिले. मी घेतले.
नसते घेतले तर कारण सांगावं लागलं असतं.

तीन महिने लागतील, म्हणालो.
"लागू द्यात," म्हणाला, आणि ती नक्कल
खिशात दुमडत नाही म्हणून हातात धरून निघाला.
उन्हात ती लकाकत होती
पार बसथांब्यापर्यंत,
आणि मी बघत होतो
कोण कोण वळून बघतंय ते.